धीट लेकरू

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवत. पोर पुढे आवाजाला भीत नाही, म्हणे. अकोल्याकडच्या मालेगावजवळच्या आमच्या खेड्यात हा मान आत्याचा. ती थाळी अशी बडवायची की गोठ्यातले बैल दावं तोडायला बघायचे. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा माझी धाकटी बहीण जन्मली. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. असं धीट लेकरू या घरात झालं नाही, असं आत्या गावभर सांगत सुटली.

पोर तीन वर्षांची होत आली तरी बोलेना, तेव्हा कुठे हे कौतुक ओसरलं. मग घरातले शहाणे तिच्या जिभेच्या मागे लागले. जीभ जड आहे म्हणून रोज सकाळी वेखंड उगाळून चाटवायचं. बिचाऱ्या जिभेचा काय गुन्हा? तिच्यापर्यंत शब्द पोचलाच नव्हता. कानाचा विषयच निघत नव्हता, कारण कानाची परीक्षा पहिल्याच दिवशी झाली होती आणि आत्याने पोरीला पास केलं होतं.

आईला मात्र चैन नव्हतं. पाठमोरी पोर हाकेला वळत नसे, पण वडिलांची बैलगाडी गल्लीत शिरली की सगळ्यांच्या आधी दाराकडे धावायची. ऐकू येतं की तिला, असं आत्या ठणकावायची. एकदा गाडीच्या वेळेला आईने तिला उचलून कडेवर घेतलं आणि दाराकडे पाठ केली. गाडी येऊन थांबली, पोर आईच्या मण्यांशी खेळत राहिली. तिला गाडी तळपायांतून कळत होती.

जन्मापासूनच ऐकू येत नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. कान काही देत नाहीत म्हणून तिचा मेंदू डोळ्यांकडून, पायांकडून मागून घेतो आहे. उपाय नाही. आत्याने दृष्ट काढली, थाळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला त्या थाळीचा अजून राग येतो.

पुढच्या वर्षी भाऊ झाला आणि थाळी पुन्हा निघाली. पहिल्याच ठोक्याला तो दचकला, हातपाय ताणून रडू लागला.

"भेकड निंगालं लेकरू," आत्याने तोंड वाकडं केलं.

बाजेवर पडल्या पडल्या आईच्या डोळ्यांना धार लागली होती. "भेऊ द्या त्याले, बाई," ती म्हणाली. "आजूक एकडाव वाजवा."

आत्याने पुन्हा बडवली. बहीण धावत आली, थरथरत्या थाळीवर तिने हसत तळहात टेकवला आणि आवाज बंद पडला.