पाचवा खडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावांना नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी पुटपुटून परत फिरलो. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा नुसता थकलो आहे म्हणून. गोष्ट लपवायलाही अंगात बळ लागतं हो, आणि ते आता माझ्यात उरलेलं नाही.

मी टाकवे बुद्रुकचा. घरी भाताची खाचरं होती, पण आम्ही भाऊ पुष्कळ आणि खाचरं तेवढीच. मराठी चौथी झाल्यावर मी लोणावळ्याच्या बाजूला दगडाच्या खाणीवर कामाला लागलो. तिथली खडी रुळांखाली आणि रस्त्यावर जायची. ठेकेदार पुण्याला राहायचा. खाणीवर त्याचा मुनीम असे, आणि मुनीम म्हणजेच आमचा सरकार. मला काम मिळालं ते हाक देण्याचं. घण नाही, पाटी नाही, उन्हात घाम गाळणं नाही — एका उंच दगडावर बसायचं आणि ओरडायचं. बाकीचे मला ‘जावईबापू’ म्हणत. मलाही ते आवडे, खोटं कशाला बोलू?

पण काम वाटतं तसं फुकटचं नव्हतं. कड्यात भोकं पाडून दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि पळायचं, हे बारवाल्याचं काम. पळता पळता तो मला सांगे, आज इतके बार. मी तितके खडे समोर मांडून ठेवी. एक बार उडाला की एक खडा फेकायचा. सगळे खडे संपले की उभं राहून हाक द्यायची — ‘मोकळं हाय हो!’ त्या हाकेशिवाय आडोशाचं माणूस बाहेर यायचं नाही. आणि एखादा खडा उरला, म्हणजे एखादा बार न उडता तसाच बसला, तर त्या दिवशी त्या कड्याकडे कुणी फिरकायचं नाही. तसा नेमच होता. पण तसं झालं की सगळ्या टोळीचा अर्धा दिवस बुडे, आणि लोक माझ्याकडे असे बघत, जणू बार मीच फुसका भरला होता.

कोंडू माझ्याच वाटेवरचा. टाकव्याच्या वर डोंगरात ठाकरांची वाडी आहे, तिथला. सुट्टीला आम्ही कामशेतपर्यंत रेल्वेनं येत असू आणि पुढे पायी. तो पुढे, मी मागे. चालता चालता पाखरांचे आवाज काढून मला फसवायचा, आणि मी मान वर करून झाडात बघू लागलो की पोट धरून हसायचा. खाणीवर त्याचं काम सगळ्यात आधी आत जाण्याचं. बार उडाल्यावर कड्याला अर्धवट लोंबणारे दगड पहारेनं खाली पाडायचे, मग बाकीच्यांनी यायचं. म्हणजे माझी हाक पहिल्यांदा उपयोगी पडायची ती त्याला. हे नीट लक्षात घ्या. मला ते रोज लक्षात होतं.

त्या आठवड्यात आम्ही नव्या कड्यावर गेलो होतो. जुन्या खाणीसमोर उघडा माळ होता, इथे समोर दुसरा डोंगर उभा. पाच बार होते. मी पाच खडे मांडले. एक उडाला, दुसरा उडाला, तिसरा, चौथा — आणि मग जरा थांबून पाचवा. पण तो पाचवा कसा? बारीक. पोकळ. समोरच्या अंगानं आल्यासारखा. चौथ्याचाच आवाज समोरच्या डोंगरानं परत टाकला होता — हे मला नंतर कळलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. नंतर नाही. तेव्हाच शंका आली होती. खडा हातात धरून मी थांबलो होतो. जेवणाची वेळ टळून गेली होती, खाली खडीच्या गाड्या खोळंबल्या होत्या, मुकादम ‘झोपला काय रं जावई’ म्हणून ओरडत होता. मी तो खडा फेकला. उभा राहिलो. हाक दिली.

कोंडू आत गेला, आणि पाचवा बार उडाला.

जीव वाचला. दोन्ही डोळे गेले आणि उजव्या हाताची बोटं गेली. गाडीत पेंढा घालून त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा मी गाडीबरोबर चालत होतो. तो शुद्धीवर नव्हता. मी रडत होतो, ते खरं रडणं होतं. एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी आज तुमच्यापुढे बसलो नसतो. चूक होते माणसाकडून.

पुढे कुणीतरी तळेगावच्या एका वकिलांनी कोंडूच्या बायकोला, येसीला, सांगितलं की आता कायदा झाला आहे, कामावर माणूस जायबंदी झाला तर मालकानं भरपाई द्यावी लागते. अर्जही त्यांनीच करून दिला. फुकट. मग मुनीम माझ्या खोपटात आला. कधी येत नसे, त्या दिवशी आला, माझ्या घोंगडीवर बसला. तो धमकावायला आला नव्हता. उलट फार गोड बोलला. म्हणाला, हाक दिल्यावर तो गेला असेल तर पैसे मालकाला पडतात, आणि मालक मग विचारणार, हाक दिली कुणी? हाकेआधीच तो आपल्या मर्जीनं गेला असेल, तर नेम मोडला त्यानं, भरपाईचा प्रश्न नाही. ‘तू हाक दिली नव्हतीस ना रे सखाराम?’ — असं त्यानं मलाच विचारलं. मी मान हलवली. कशी हलवली, होय म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यानं समजून घेतलं.

टोळीतले बाकीचे? ते वळणाआड आडोशाला होते. ऐकली त्यांनीही होती. पण विचारलं तेव्हा जो तो म्हणाला, आम्ही लांब होतो, वारा होता. त्यांना मी दोष देत नाही. हाक त्यांची नव्हती.

चौकशी वडगावला कचेरीत झाली. पुण्याहून साहेब आले होते. कोंडूला येसीनं कोपर धरून आणलं. डोळ्यांवर फडकं बांधलेलं. साहेबांनी विचारलं, साक्षीदार कोण? तेव्हा तो म्हणाला, ‘सखारामभाऊ हाय की. त्येनं हाक दिली, मंग मी गेलो. त्येलाच इचारा, त्यो सांगंल.’ आणि माझ्याकडे म्हणून तोंड वळवलं, ते दारातल्या शिपायाकडे. मी दुसऱ्या बाजूला होतो.

मी म्हणालो, मी हाक दिली नव्हती.

मुनिमानं मला एवढंच बोलायला सांगितलं होतं. पण मी थांबलो नाही. आणखी म्हणालो — साहेब, मी त्याला ‘थांब, थांब’ म्हणून ओरडत होतो, पण त्यानं ऐकलं नाही. हे कुणी शिकवलं मला? कुणीच नाही. खोटं पक्कं व्हावं म्हणून मी आपण होऊन ते जोडलं. कोंडूचं तोंड शिपायाकडून हळूहळू माझ्या आवाजाकडे वळलं.

अर्ज फेटाळला गेला. मी पुढच्याच हंगामात मुकादम झालो. येसी माझ्याच टोळीत पाटी वाहायला आली. दुसरीकडे कुठे जाणार ती? मी तिला हलक्या पाट्या द्यायला सांगे, आणि तेवढ्यावर रात्री झोप लागे. लागे हो. उगाच जळत राहिलो असं सांगितलं तर ते आणखी एक खोटं होईल.

आता कोंडू नाही. येसी लेकीकडे गेली म्हणतात. कुठल्या गावी, ते विचारलं तर कळेल. मी विचारलेलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, सांगून झालं. नाही. कचेरीतलं मी कधीतरी सांगितलंही असतं. एखाद्या वेळी, दोन घोट पोटात गेल्यावर, कुणाजवळ तरी. भ्यालो, पोटासाठी खोटं बोललो — असं म्हणणारी माणसं मावळात काय कमी आहेत? जे सांगता आलं नाही ते कचेरीनंतरचं आहे, कोंडू होता तेव्हाचं.

भाताची झोडणी चालू होती. मी गावी आलो होतो, खळ्यावर भावांबरोबर उभा. दुपार होती. वाडीकडच्या वाटेनं येसी येताना दिसली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून कोंडू. मला वाटलं, आला. आता चारचौघांत विचारणार. मनात आलं, विचारू दे, आज विचारलं तर खरं सांगून टाकू. देवाशपथ, आलं होतं मनात.

तो खळ्याच्या कडेला थांबला. येसीनं कमरेची लोटी माझ्या आईच्या हातात दिली — वाडीवरचा मध होता. मग तो खाली वाकला आणि हातानं चाचपत माझे पाय शोधू लागला. उरलेल्या बोटांनी.

‘भाऊ, माजं चुकलं,’ तो म्हणाला. ‘साहेबाफुडं मी तुमचं नाव घेतलं. तुमास्नी लबाड ठरवाय निगालतो. लय इचार केला मी. तुमी कशापायी खोटं बोलाल? दुसऱ्या कुनीबी हाक ऐकली न्हाई. आमच्यात म्हनत्यात, डोंगर कदी कदी मानसाच्या आवाजात बोलावतो. तसंच झालं असंल. तुमी थांब थांब म्हनून वरडत व्हता, आन मी बहिऱ्यावानी फुडं गेलो. पोटात ठिऊ नका.’

येसी माझ्याकडे बघत होती. भाऊ हातातली पेंढी तशीच धरून उभे होते. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, बघ, किती मोठं मन.

मी काय केलं? मी खाली वाकलो. त्याच्या दोन्ही दंडांना धरून त्याला उभं केलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो — असू दे, कोंडू, होतं असं.

मी त्याला माफ केलं.