कुणालाच न चालणारा चार्जर

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, फाटक्या चादरींची खोली आहे. तिथे एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि मावशी. चादरींना ठिगळं लावायची, गाउनचे तुटलेले बंद शिवायचे, हे मावशींचं काम. हाताने साफ, तोंडाने फटकळ. पाठीमागे सगळे त्यांना ठिगळमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, कारण जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

टेबलापाशी एक प्लग होता आणि त्याने मावशींना वात आणला होता. वॉर्डात फोन चार्ज करायला बंदी, म्हणून "मावशी, पाचच मिनिटं" करत जो तो खाली यायचा. नर्स यायची, लॅबवाला यायचा, आणि सगळ्यांच्या फोनला मावशींचाच चार्जर चालायचा. बसून गप्पा हाणायचे, इथपर्यंत ठीक. पण जाताना चार्जरही उचलून न्यायचे. अँब्युलन्सचा ड्रायव्हर तर या कामात पटाईत. त्याने नेलेला चार्जर गावभर हिंडून परत यायचा, तोवर मावशींच्या फोनने मान टाकलेली असायची.

एरवी त्यांनी चार शब्द सुनावून सोडून दिलं असतं. पण लेक दूरच्या शहरात, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. मावशींची रजा पुढच्या आठवड्यापासून होती, पण बाळाला रजेचं काय? लेकीचा फोन यायचा आणि नेमका आपला बंद असायचा, या धसक्याने त्यांची झोप उडाली होती. त्यातच जुना फोन कायमचा गेला.

भाच्याला घेऊन त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने एक चकचकीत फोन पुढे केला.

"हा घ्या. नवी टाइप-सी पिन आहे, उलटी लावा, सुलटी लावा, बसतेच. हल्ली सगळ्यांकडे हीच असते."

"सगळ्यांकडे असते ना? मग मला नको."

भाचा म्हणाला, "अगं मावशी, जुनी पिन आता बंद होत चाललीये. उद्या केबल तुटली तर कुठे शोधत बसशील?"

"तुटायला आधी कुणी हात तर लावला पाहिजे!"

शेवटी मागच्या कपाटातून जुन्या पिनचा एक फोन निघाला. गड जिंकल्याच्या थाटात मावशी दुकानातून बाहेर पडल्या.

आणि खरंच जिंकल्या. ड्रायव्हरने केबल उचलली, तिचं टोक बघितलं आणि तोंड वाकडं करून खाली ठेवली. "हे कुठून खणून काढलंत?" नर्सही बघून गेली. चार्जर जागचा हलला नाही. "कशी जिरवली एकेकाची!" मावशींनी भाच्याला फोनवर सांगितलं. मात्र खोलीकडे आता कुणी फिरकेना. मावशी मधूनच मशीन थांबवून दाराकडे बघायच्या. कबूल केलं नसतं त्यांनी, पण त्यांना करमत नव्हतं.

मग एका सकाळी मावशींनी स्टूल मागे ओढलं, केबल त्याच्या पायात अडकली आणि पिनपाशीच तुटली. कुणी हात लावला नव्हता. फोनमध्ये जेमतेम धुगधुगी होती, आणि तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, मला ॲडमिट करताहेत. तू घाबरू नकोस हं, मी..." पुढचं फोनने गिळलं.

मावशी धापा टाकत वर गेल्या. नर्सने खण उपसले, लॅबवाल्याने बॅगा उलट्या केल्या. चार्जर ढिगाने निघाले, सगळे नव्या पिनचे. लेकीचा नंबर त्या बंद फोनात. पाठ कुणाला असतो हल्ली? मावशी जिन्यातच बसल्या. त्यांच्या तोंडून एकही शब्द फुटेना, हे बघून सगळेच घाबरले.

ड्रायव्हर पुढे आला. "मावशी, फोन गेला तरी सिम शाबूत आहे ना? तुमची सगळ्यात बारीक सुई आणा."

सुई त्याने आपल्या फोनच्या कडेच्या भोकात खुपसली, ट्रे बाहेर काढला, स्वतःचं सिम खिशात टाकलं आणि मावशींचं बसवलं. "घ्या. आला फोन तर यावरच येईल."

"अरे, आणि तुझी ड्यूटी?"

"काउंटरवर सांगून ठेवतो, तिथून हाक मारतील."

"आणि बायकोचा फोन आला तर?"

"तेवढीच कानांना विश्रांती!"

त्याचाही फोन निम्मा उतरलेला. सगळे खाली खोलीत आले, बघता बघता चौघांनी चार चार्जर आणले, आणि प्लग एकच! कुणाची केबल लावायची यावरून हमरीतुमरी झाली. दिवसभर कुणी ना कुणी खोलीत येऊन बसत होतं. ड्रायव्हर दोन फेऱ्या करून आला तो सरळ खालीच. मावशींनी तेवढ्या वेळात एका गाउनची बाही पायजम्याला शिवून ठेवली.

दुपार कलताना फोन वाजला. जावई होता. "आई, मुलगी झाली! दोघी अगदी छान आहेत. थांबा, तुम्हाला आवाज ऐकवतो." मावशींच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी फोन कानावरून काढला आणि ड्रायव्हरच्या कानाला लावला.

"आधी तू ऐक, चार्जरचोरा."

तो ऐकत राहिला. नाक ओढून म्हणाला, "काय भांडतेय हो मावशी! डिट्टो तुम्ही."