दगड कुठं उडेल ते विचारायला पुण्याला

खाणीकाठच्या वस्तीवाल्यांनो, सुरुंगाची शिट्टी झाली की भरल्या ताटावरून उठून झाडामागं पळायचं, ही शिक्षा आपण कुठल्या गुन्ह्याची भोगतो आहोत? केराबाईंच्या घरी तर दगड पत्रा फोडून नातवाच्या पाळण्याशेजारी पडला. सुरुंगात दारू कमी भरा, म्हणून मी सोलापूरभर भाषणं दिली. काही हललं नाही. सुरुंगाचे दगड कुठं जातील ते पुण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरवर काढतात, असं वाचलं. खाणीची मापं पोस्टानं पाठवली आणि केराबाईंना घेऊन निघालो.

जाणार असाल तर पहाटेची एसटी धरा, खिडकी मिळते. मोहोळपर्यंत रस्ता बरा, पुढं खड्डे. टेंभुर्णीचा चहा म्हणजे नुसतं गोड पाणी. भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच न्यावी. एसटीत मी शेजारी बसलेल्यांना आपल्यावरचा अन्याय समजावू लागलो.

"आण्णा, दमानं बोला की," केराबाई म्हणाल्या. "डायवर मागं बघाया लागलाय!"

कॉलेजात कॉम्प्युटरला गारव्याची स्वतंत्र खोली; आपल्या चपला बाहेर. तिथं शिकवणाऱ्या देशमाने सरांनी, आपली मापं भोकं पाडून उतरवलेल्या कार्डांची चळत यंत्रात घातली. खडखडाट करत लांबलचक कागद बाहेर आला. त्यावर फुल्याच फुल्या. एक फुली म्हणजे एक दगड, आणि सगळ्या एकाच अंगाला, आपल्या घरांकडं सरकलेल्या.

"ह्याला माजं घर कुनी दावलं?" केराबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही, मावशी. दगड खाणीच्या मोकळ्या बाजूलाच सुटतो, आणि ती बाजू तुमच्या वस्तीकडं आहे. दारू कमी केली तर थोडा अलीकडं पडेल, एवढंच. खाणीचं तोंड माळाकडं फिरवा."

केराबाईंनी कपाळाला हात लावला. "त्वांड आमीच हिकडं करायला लावलंय! आमचा द्येव बिरोबा वस्तीत. त्येच्याकडं पाठ करून सुरुंग लावायचा न्हाय, म्हून हट्ट धरला."

परतल्यावर कंत्राटदारानं कागद पाहिला. "मला दगड कुठूनही सारखाच. तुमची पोरं देवाकडं पाठ करतील का, ते सांगा."

खाणीवरच्या आपल्या पोरांनी कानांना हात लावले. केराबाई मात्र हसल्या.

"मेंढरांमागं जाताना देव घोड्यावर घालून नेतोच की आमी. माळापल्याडच्या टेकडीवर जायला त्यो न्हाय म्हनतोय व्हय?"

आता घरी बसून हे लिहितो आहे. पुण्याचे रस्ते, इमारती यांतलं फारसं काही मनात उरलं नाही. तो फुल्यांचा कागद तेवढा समोर आहे. त्यात एक फुली पाळण्याजवळ आहे.

येत्या सोमवारी खाण बंद असेल. सकाळी घरटी एक माणूस, हातात पहार घेऊन, बिरोबापाशी या. देवाला टेकडीवर नेऊ.