जुन्या फोनांची बाजू

एकदाच प्रोग्रॅम लिहावा आणि तो कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर चालावा, असं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार सांगाडा, आमच्या ताईने ऑफिसात उभं केलं होतं. पहिली आवृत्ती इतकी संथ चालायची की बटण दाबून चहा पिऊन यावं, अशी चेष्टा व्हायची. तिने अर्धं मोडून पुन्हा लिहिलं. दुसरी आवृत्ती पळायला लागली, तसं साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"जुन्या फोनांचा नाद सोड, त्यांच्यापायी फार वेळ जातो. नवे तेवढे धर."

"माझ्या सासूबाईंकडे जुनाच फोन आहे. अशी कितीतरी माणसं आहेत. त्यांना मी वगळणार नाही."

"मग हे काम बंद."

"तुमच्याकडे बंद. फ्रेमवर्क कुणीही वापरावं, बदलावं, असं सगळ्यांसाठी खुलं करायला तुम्हीच परवानगी दिलीय. मी घरी करीन."

तिने खरंच नोकरी सोडली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुने फोन मांडून तिसरी आवृत्ती लिहायला घेतली. सासूबाई एकेक बटण दाबून बघायच्या आणि अडलं की तिच्यावर डाफरायच्या. हळूहळू अनोळखी प्रोग्रॅमर दुरुस्त्या पाठवू लागले. पुढे सगळीकडे तीच आवृत्ती चालू लागली, तेव्हा साहेबांनाही ती घ्यावी लागली आणि त्यांनी तिला परत बोलावलं. ती गेली नाही.

"खुशाल वापरा," तिने फोनवर सांगितलं, "पण त्यात काय ठेवायचं, काय काढायचं, ते आता आम्ही दुरुस्त्या करणारे मिळून ठरवतो."