चासी नंबरचा पंचनामा

त्या शनिवारची सकाळ अजून डोळ्यांसमोरून हललेली नाही. पोलिसातल्या नोकरीत मी हजारो जबाब नोंदवले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आमचा जबाब घेतला गेला, तोही जपानमध्ये, सेंदाईला, लेकीच्या घरी.

जावई तिथल्या विद्यापीठात संशोधक आहे. घरालगतच्या पार्किंगमध्ये तो एक जुनी फ्रेंच फॅमिली कार सुटी करून नव्याने बांधत होता. चासी नंबरची पट्टी ज्या पत्र्यावर होती, तो पत्रा गंजून गेला होता. तो कापण्याआधी पट्टी काढावी लागणार होती. मी म्हणालो, पंचनामा करू. जावई हसला, "बाबा, ही गाडी आहे, मुद्देमाल नाही."

तरी मी केला. एक पंच लेक. पण घरचा पंच कोर्टात टिकत नाही, म्हणून शेजारच्या वृद्ध गृहस्थांना बोलावले. मराठीतला कागद त्यांना वाचता येत नव्हता. त्यांनी गाडीवरच्या पट्टीचा नंबर निरखून पाहिला, पट्टी निघताना पाहिली, मग घरी जाऊन तिथे सहीऐवजी वापरतात तो आपल्या नावाचा शिक्का आणला आणि कागदावर लाल ठसा उमटवला.

पंधरा दिवसांनी, त्या शनिवारी सकाळी, पोलीस चौकीचा तरुण अंमलदार दारात उभा राहिला. परदेशी माणूस गाडी तोडतोय, नंबरही काढलाय, अशी खबर होती. खबर कोणाची, हे मी लेकीकरवी विचारले. त्याने सांगितले नाही. नोकरीत मीही कधी खबऱ्याचे नाव सांगितले नव्हते. मनात मात्र नाव पक्के झाले: पट्टी निघताना पाहणारा बाहेरचा माणूस एकच होता.

जावयाचा व्हिसा नूतनीकरणासाठी गेला होता. चोरीच्या गाडीचा संशय त्यात नको होता. घाबरून तो विचारले त्याच्या दुप्पट बोलू लागला. निर्दोष माणसेही असे करतात. मी त्याला म्हणालो, "विचारलं तेवढंच सांग."

पट्टी कागदपत्रांशी जुळली. अंमलदाराचा प्रश्न रास्त होता: ती याच गाडीवरची कशावरून? मी पंचनामा पुढे केला. त्यातला लाल शिक्का तेवढा त्याला वाचता आला. तो शेजारी गेला.

शेजाऱ्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले. पट्टी गाडीवर असतानाच त्यांनी नंबर पाहिला होता. शिक्का आणायला गेले तेव्हा तो त्या तारखेखाली लिहून ठेवला आणि परत येऊन ताडून पाहिला, मगच ठसा दिला. "कागद समजत नव्हता," ते म्हणाले, "नंबर समजत होता."

अंमलदाराने टिपण पूर्ण केले, तसदीबद्दल वाकून क्षमा मागितली आणि सायकलवरून गेला.

माझ्या पंचांपैकी अनेकांनी चहाच्या टपरीवरून येऊन न बघता सह्या केल्या. मीच त्या घेतल्या. खटले पडले की दोष पंचांना दिला. पंच म्हणजे काय, हे मला निवृत्तीनंतर एका परक्या माणसाने शिकवले, आणि त्याच्यावरच मी संशय घेतला.

संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन लेकीला म्हणालो, मी यांनाच खबरी समजलो होतो, माफी मागतो म्हणून सांग.

"हे मी नाही सांगणार, बाबा. तुम्ही आभारी आहात, एवढंच सांगते."

तेही खरेच होते.