जुना कोट आणि कढत पाणी

“दाजी, कोट आठ दिवस वाऱ्यावर टाका, वास जाईल,” मेव्हणा म्हणाला.

“अन् आठ दिवस मी काय भिजत भिंत बांधू? बोकड बरा याच्यापेक्षा.”

परमुलखात गवंडीकाम करणाऱ्या दाजींनी पावसाचा कोट जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणला होता. नव्याला हात लावायची सोय नव्हती, आणि काम तर रोज उघड्यावरच. खिशात कुणाचा तरी शेंबडानं कडक झालेला रुमाल निघाला, कॉलरवर बोटभर मळ. दाजींना शिसारी आली. त्यांनी मोरीत कढत पाणी ओतलं, मूठभर सोडा टाकला आणि गावाकडं गोधडी आपटतात तसा कोट फरशीवर आपटला.

वास गेला. पण पाणी अडवणारा आतला थरही सापाच्या कातीसारखा सोलून निघाला आणि त्या बुळबुळीत पापुद्र्यांनी मोरी तुंबली.

“कोट होता दाजी, घोंगडं नव्हतं.”

“घोंगडं असतं तर टिकलं असतं,” दाजी पापुद्रे उपसत म्हणाले.

सकाळी गार पाऊस लागला होता. दाजींनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीला डोक्याहातांपुरती भोकं पाडून ती कोटाखाली चढवली. तरी पाणी मानेतून आत उतरलं आणि गोणीत उरलेलं सिमेंट पाठीला चिकटून चरचरू लागलं. ते पचकन थुंकले, थापी उचलली आणि पुढची वीट बसवली.