तांदळाच्या डब्यातले दोन फ्लॅश

विलासदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सावंतवाडीत त्याच्याचसाठी लांबचा फ्लॅश पेटवणारा ट्रिगर बघत होते. कट्टा गावात त्याचा फोटो स्टुडिओ. मी त्याची चुलत बहीण आणि कितीतरी वर्षांची मदतनीस. खाऱ्या हवेने एका ट्रिगरला गंज चढला होता, म्हणून सकाळीच त्याने मला पिटाळलं होतं. फोन ठेवला... दुकानदाराने विचारलं, घेणार का? मी घेतला. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

खरेदीत दादा भारी चिकट, हे मी त्याला तोंडावर म्हणायची. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने नवरीचा चेहरा भाकरीसारखा सपाट येतो, म्हणून त्याला उजेड बाजूने हवा असे. पहिल्यांदा त्याने सर्वांत स्वस्त फ्लॅश आणला, दुसरा फ्लॅश दिसला की आपोआप पेटणारा. मिठबावच्या एका लग्नाला मुंबईचे चाकरमानी आपापले कॅमेरे घेऊन आलेले. त्यांनी बटण दाबलं की पेटायचा आमचा फ्लॅश. जो तो काका फोटो काढणार आणि हा त्याच्या सेवेला हजर. अंतरपाट दूर होईपर्यंत सेल संपले आणि नेमका तोच फोटो काळोखा आला. अल्बम द्यायला दादा स्वतः गेला, बोलणी खाऊन आला आणि आल्याआल्या रेडिओ ट्रिगरची चौकशी करू लागला. एक तुकडा कॅमेऱ्यावर, दुसरा फ्लॅशखाली; दोघं फक्त एकमेकांचं ऐकतात.

फ्लॅश मात्र नामांकित कंपनीचा घे, म्हणून मी हटून बसले. तो ऐकेना. “म्हागातलो एक घेतलो आणि तो पडलो, तर काय करतलंस गो? साधे दोन घेवया. एक पडलो तर दुसरो आसा.” मग आले ते हाताने उजेड कमी-जास्त करायचे, कुठल्याही दुकानातल्या पेन्सिल सेलवर चालणारे. काम झालं की सेल काढून, फडक्यात गुंडाळून दोन्ही फ्लॅश वहिनीच्या तांदळाच्या डब्यात जायचे, दमट हवा लागू नये म्हणून. वहिनी कुरकुरायची, पण तांदूळ काढताना आधी फ्लॅश जपून बाजूला ठेवायची.

लग्नघरी पोचलो की दादाचं गाऱ्हाणं. देवापुढे नारळ ठेवून घालतात तसंच, फक्त हे फ्लॅशपुढे. नवरीचा चेहरा उजळ येऊ दे, सेल टिकू दे, असं काहीबाही मागून तो बटण दाबायचा. लांबच्या फ्लॅशपाशी मी उभी असायची. तो पेटला की गाऱ्हाण्याला जमलेली माणसं होकार देतात तसं मी म्हणायचं, “व्हय म्हाराजा.” पाहुणे हसायचे, आणि ते हसले की तो पहिला फोटो काढायचा.

त्याने घेतलेलं एक लग्न बाकी होतं. दुसऱ्या कुणाला देऊन टाक, असं घरचे म्हणाले. ते दिलं असतं तर स्टुडिओ पुन्हा उघडला नसता, हे मला कळत होतं. कॅमेरा मला येतो. पण समुद्राच्या वाऱ्यात फ्लॅशचा स्टँड धरायला माणूस लागतो, आणि तो माणूस तर आजवर मीच होते. आदल्या दिवशी फ्लॅश न्यायला गेले, तर वहिनी तांदळाचा डबा पुढ्यात घेऊन बसलेली.

“फाल्या वारो आसतलो,” ती म्हणाली. “स्टँड मी धरतंय.”

नवरा जाऊन काही आठवडे झालेली बाई लग्नाच्या मांडवात कशी जाणार, हे दोघींच्याही मनात होतं.

मांडवाच्या दारात नवरीची आई पुढे आली. तिने वहिनीचा हात धरला. “माज्या लग्नाचे फोटो तुज्या घोवानच काढलेले. तू इलंस तां बरां केलंस.” वहिनीचे डोळे भरले, माझेही. मग ती स्टँड घेऊन पार मांडवाच्या टोकाला गेली. सावंतवाडीहून आणलेला ट्रिगर तिच्याच फ्लॅशखाली होता. मला गाऱ्हाणं घालायचं होतं, पण मी नुसतं बटण दाबलं. तिकडचा फ्लॅश लख्ख पेटला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वहिनी म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

मी पहिला फोटो काढला.